कोणी कुठे उभं राहायचं

माझा राग अजून गेलेला नाही. नवरा म्हणतो, आता सोडून दे. मैत्रिणी म्हणतात, एक छंद होता, सुटला, दुसरा धर, झुंबा लाव. छंद सुटला म्हणून कोणी वर्षभर असं धुमसत राहत नाही. मला राग आहे तो माणसांचा. त्यातला एक पुरुष आहे. त्याचा राग जाईल कधीतरी, कारण त्याच्याकडून मी कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती. दुसरी एक बाई आहे. तिची लाल गाडी राउंडअबाउटवर समोर दिसली की अजूनही मी भलत्याच रस्त्याला वळते. तो राग जाईलसं वाटत नाही.

आम्ही आयर्लंडमध्ये शॅननला राहायला आलो तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. मी विमानतळालगतच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात लागले. नवऱ्याला नोकरी मिळाली ती लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात, देशाच्या पार दुसऱ्या बाजूला. शिफ्टचे दिवस तो तिकडेच एका खोलीवर राहायचा आणि सुटीला घरी यायचा. म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस घरात मी, मुलगी आणि खाडीवरून येणारा वारा.

मुलीला बॅडमिंटनला सोडायला मी कम्युनिटी हॉलवर जायचे. शेजारच्या लहान हॉलच्या दाराला काच होती. आत काही माणसं काळ्या घोळदार विजारी घालून, लाकडी काठ्या आणि लाकडी तलवारी घेऊन समोरासमोर उभी असायची. कोणाला घाई नसायची. मग एकदम आरोळी, काठी तलवारीवर आदळल्याचा कोरडा आवाज, आणि परत शांतता. मी दोन-तीन आठवडे काचेतूनच बघत होते. एका संध्याकाळी एका उंच, शिडशिडीत, पांढरे केस बारीक कापलेल्या बाईने आतून दार उघडलं आणि म्हणाली, "नाकाने काच पुसून झाली असेल तर आत ये."

त्या आमच्या शिक्षिका. मी मनातल्या मनात पहिल्या दिवसापासून त्यांना बाई म्हणत आले, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. इंग्रजीत सगळेच 'यू', पण माझ्या डोक्यात त्यांना कायम 'तुम्ही'च होतं. लिहिताना मध्येच एकेरीवर आले, तर ते रागाने आले असं समजावं.

बाई विशीत इंग्रजी शिकवायला जपानला गेल्या होत्या आणि बरीच वर्षं तिथे राहिल्या. तिथे काठी आणि तलवारीची ही जुनी विद्या शिकल्या. पुढे आईचं दुखणं काढायला परत आल्या, विमानतळावरच्या दुकानात परफ्यूमच्या बाटल्या विकायला लागल्या, आणि संध्याकाळी ह्या हॉलमध्ये शिकवायला लागल्या. आयर्लंडमध्ये ही विद्या त्यांनी आणली. त्याआधी इथे ती कोणालाच येत नव्हती.

काठीला जपानीत 'जो' म्हणतात. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आणि तलवारीला 'तो'?" गंमत म्हणजे तलवारीला खरंच 'तो' असाही एक शब्द आहे. जो आणि तो. आम्ही दोघं खूप हसलो होतो. घरात ह्या विषयावर हसू शकत होतो ते दिवस.

सराव जोडीने असतो. शिकणारा काठी घेतो, शिकवणारा तलवार, आणि ठरलेल्या हालचालींत दरवेळी काठी जिंकते. मी बाईंना विचारलं होतं, तुम्हाला इतकं येतं, मग दरवेळी तुम्हीच का हरायचं? त्या म्हणाल्या, "ज्याला जास्त येतं त्याने हरायचं. नीट हरायचं, समोरच्याला शिकता येईल असं. सीनियर असणं म्हणजे तेवढंच काम आहे." मला हे फार आवडलं. ऑफिसात असा एकही मॅनेजर मी पाहिला नव्हता.

आणि आरोळी. ती पोटातून द्यावी लागते. मला जन्मात कोणी मोठ्याने ओरडू दिलं नव्हतं. हळू बोल, लोक ऐकतील, हेच ऐकत मोठी झाले. पहिल्यांदा माझ्या घशातून चिमणीचा आवाज निघाला. बाई म्हणाल्या, "ह्याने तर टोस्टसुद्धा घाबरणार नाही. परत." वर्षभरात माझा आवाज शेजारच्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये जायला लागला. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, एव्हरीवन हर्ड यू. मॉर्टिफाइंग." तिला लाजेने मेल्यासारखं झालं होतं, मला अभिमान वाटला.

वर्षं गेली. काही लोक आले, बरेच गेले. बाईंच्या खालोखाल मी झाले, आणि माझ्या खालोखाल लिमरिक-एनिस रस्त्यावर बस चालवणारा एक माणूस. वर्ग सुटला की आम्ही तिघं बाईंच्या घरी चहाला जायचो. त्यांच्या स्वयंपाकघरात कुठल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, कप आहेत, कुठल्यात बिस्किटं, हे मला माझ्या घरातल्या कपाटांइतकं पाठ होतं. माझ्या आईचं ऑपरेशन झालं आणि मला जाता आलं नाही, तेव्हा मी त्या टेबलाशी बसून रडले होते. बाईंनी पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. फक्त चहा परत भरला आणि म्हणाल्या, "उद्या लवकर ये. आपण तुला दमवू." माझ्यासाठी त्या कोण होत्या ते कळावं म्हणून हे सांगितलं.

मग ह्या विद्येचे जपानमधले वृद्ध प्रमुख वारले आणि वारसावरून भांडण लागलं.

भांडण तसं सोपं होतं. घरच्यांनी गादी मुलाला दिली. पण गेली कित्येक वर्षं प्रत्यक्ष शिकवण्याचं काम करत होते ते प्रमुखांचे सर्वांत जुने शिष्य. त्यांना विचारलंही नाही, म्हणून ते बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर निम्मे लोक गेले. हे जुने शिष्य म्हणजे आमच्या बाईंचे गुरू. बाईंना काठी धरायला त्यांनीच शिकवली होती.

संस्थेचं युरोपचं ऑफिस मुलाच्या बाजूने गेलं. आणि आयर्लंडचा प्रमुख, डब्लिनला राहणारा एक माणूस, तोही. आमच्या वर्गात त्याला सगळे 'युअर मॅन' म्हणायचे. इथे ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याला तसं म्हणतात. हा युअर मॅन एकेकाळी शॅननच्याच हॉलमध्ये, बाईंच्याच समोर, अनवाणी उभा राहून शिकलेला. पुढे डब्लिनला गेला, दरवर्षी जपानला जाऊ लागला, तिथल्यांच्या मर्जीत बसला, परीक्षा देत देत बाईंच्या वर गेला. बाई नोकरी सोडून दरवर्षी जपानला जाऊ शकत नव्हत्या. त्यामुळे त्या होत्या तिथेच राहिल्या.

त्याने सगळ्या गटांना मेल पाठवला. प्रत्येक गटप्रमुखाने नव्या गादीशी निष्ठा जाहीर करावी आणि बाहेर पडलेल्यांशी कसलाही संबंध ठेवू नये. फोनसुद्धा नाही.

बाईंचे गुरू ऐंशीच्या पुढे गेले होते. दर नव्या वर्षाला बाई त्यांना फोन करायच्या, न चुकता. मी एकदा पाहिलं होतं. स्वयंपाकघरात, जुना कार्डिगन घालून, रिसिव्हर कानाला लावून ह्या बाई प्रत्येक वाक्याला कमरेतून वाकत होत्या. पलीकडच्या माणसाला ते दिसणार नव्हतं. तरी वाकत होत्या.

बाईंनी मेलला उत्तर दिलं नाही. मला म्हणाल्या, "मी कोणाला फोन करायचा हे त्या पोराने मला सांगायचं?"

नवऱ्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपल्या गणपतीसारखंच." आमच्या भागातलं मराठी मंडळ आदल्याच वर्षी फुटलं होतं. दोन व्हॉट्सअॅप ग्रूप, दोन मूर्ती, एकाच संध्याकाळी दोन आरत्या, आणि दोन्हीकडचे लोक आम्हाला विचारणार, तुम्ही आमच्याकडे का आला नाहीत. मी म्हटलं, "हे वेगळं आहे." तो म्हणाला, "प्रत्येकाला आपलं वेगळंच वाटतं गं."

थोड्या दिवसांनी युअर मॅनचा मला फोन आला. तो कामासाठी शॅननला येणार होता, कॉफी घेऊ या म्हणाला. शॉपिंग सेंटरच्या कॅफेत भेटलो. उत्तम कोट, नम्र आवाज. माझ्या मुलीची चौकशी, पावसाची चौकशी. मग म्हणाला, "शॅननचा गट तुझ्याकडे द्यावा असं वरच्यांचं मत आहे."

"आणि बाई?"

"त्यांनी खूप केलं. आता त्यांनी आराम करावा."

"त्यांना हे माहीत आहे?"

"योग्य वेळी कळेल."

मी लगेच नाही म्हटलं नाही, ते त्याला होकारासारखं वाटलं असणार, कारण तो टेबलावर पुढे झुकून म्हणाला, "खरं तर तुला समजावण्याची गरजच नाही. इथल्या लोकांना हे सगळं शिकवावं लागतं. तुमच्याकडे गुरू, शिष्य, घराणं, वरच्याचा शब्द मानणं, हे रक्तातच असतं."

माझे वडील बँकेत होते आणि युनियनचं काम करायचे. साहेबाला उलट उत्तर देणं हा आमच्या घरातला अभिमानाचा विषय होता; जेवताना ते आम्हाला त्या दिवशीचं उत्तर चवीने ऐकवायचे. माझी आई हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलावते म्हणून सोसायटीतल्या निम्म्या बायका आमच्याकडे येत नसत, आणि आई पुढच्या वर्षी परत बोलवायची. माझ्या रक्तात काय आहे ते हा माणूस मला सांगत होता! ह्याने भारत पाहिला असेल तर एखाद्या योगाच्या पोस्टरवर.

मी म्हटलं, "तुला काठी धरायला कोणी शिकवली?"

तो कॉफी ढवळत राहिला. "हे व्यक्तिगत नाहीये."

"कोणी शिकवली?"

"त्यांनीच. पण प्रश्न तो नाही."

"माझ्यासाठी तोच आहे," मी म्हटलं आणि उठले. त्या संध्याकाळी बाईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. म्हणाल्या, "त्याचा उजवा कोपर बाहेर जायचा. तो आत आणायला मला तीन हिवाळे लागले." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"गुड गर्ल."

चाळिशी ओलांडलेल्या बाईला 'गुड गर्ल' म्हटलेलं मला त्या दिवशी आवडलं. आता आठवलं की दात आवळले जातात.

उन्हाळ्यात नास गावाजवळच्या एका क्रीडा हॉलमध्ये देशभरातल्या गटांचं शिबिर असतं. बाईंनी जायचं ठरवलं. "मी लपणार नाही," म्हणाल्या. त्या, मी आणि बसवाला असे तिघं माझ्या गाडीतून गेलो. वाटेत बसवाला सारखे विनोद करत होता, म्हणजे तोही घाबरला होता.

ह्या विद्येत सुरुवातीला सगळे एका रांगेत उभे राहतात. सर्वांत वरचा उजव्या टोकाला, मग क्रमाने खाली, आणि नवशिके अगदी डावीकडे. तुम्ही रांगेत कुठे उभे आहात ह्यावरून सगळ्यांना सगळं कळतं. बाई नेहमीसारख्या उजवीकडे जाऊन उभ्या राहिल्या. समोर युअर मॅन, आणि त्याच्या बाजूला खुर्चीवर युरोपच्या ऑफिसातून आलेले एक गृहस्थ.

युअर मॅन कोणाकडेही न बघता म्हणाला, "ज्या गटप्रमुखांनी अजून निष्ठा जाहीर केलेली नाही, त्यांनी रांगेच्या शेवटी उभं राहावं."

असा गटप्रमुख एकच होता. सगळा हॉल त्या एका माणसाकडे बघायचं टाळत होता. इतके लोक एकाच वेळी जमिनीकडे बघताना मी कधी पाहिले नाहीत. ह्यातल्या निम्म्यांना बाईंनी कधी ना कधी शिकवलं होतं.

काठी हातात आडवी धरून बाई सावकाश चालत निघाल्या. सगळ्या रांगेच्या समोरून. माझ्या समोरून, बसवाल्याच्या समोरून, गेल्या महिन्यात शिकायला लागलेल्या कॉलेजच्या पोरांच्या समोरून, आणि अगदी शेवटी, भिंतीजवळ, बास्केटबॉलच्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. पाठ ताठ. सहासष्ट-सदुसष्टची बाई.

माझे कान गरम झाले. मी विचार केला असं म्हणणार नाही, कारण केला नाही. मी माझी जागा सोडली, चालत गेले आणि बाईंच्या डावीकडे उभी राहिले. मागोमाग पावलं ऐकू आली. बसवाला आला आणि माझ्या डावीकडे उभा राहिला. आणखी कोणी येईल म्हणून मी वाट पाहिली. कोणी आलं नाही.

"आपापल्या जागेवर जा," युअर मॅन म्हणाला.

"हीच माझी जागा आहे," मी म्हटलं. आवाज चांगला लागला. "मी माझ्या शिक्षिकेच्या खाली उभी राहते. नियम तोच आहे ना?"

"तुझ्या शिक्षिकेने निष्ठा दाखवलेली नाही."

"ज्यांनी त्यांना शिकवलं त्यांच्याशी त्या निष्ठेने वागतायत. तुमची तक्रार तीच तर आहे. आणि तुला ज्यांनी शिकवलं त्यांना तू भिंतीपाशी उभं केलंस. तू मला निष्ठा शिकवू नकोस."

खुर्चीवरचे गृहस्थ त्याच्या कानाशी काही बोलले. मग आम्हाला हॉल सोडायला सांगितलं. आम्ही सोडला. परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर चहा घेतला, आणि बाई एकदम हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "त्याचा कोपर बघितलास? परत बाहेर जायला लागलाय." मीही हसले. मी त्या बाईसाठी त्या दिवशी काहीही केलं असतं.

आठवड्याभरात मेल आला. माझी आणि बसवाल्याची, दोघांचीही श्रेणी रद्द, लेखी माफी मागेपर्यंत. मी तो मेल नवऱ्याला फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, 'बघ, मेडल मिळालं.' शॅननच्या हॉलमध्ये वर्ग चालू राहिला. लोक कमी झाले. ज्यांना परीक्षा द्यायच्या होत्या ते एकेक करून लिमरिकच्या गटाकडे गेले. हिवाळ्यात कधीकधी आम्ही तिघंच असायचो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं, खरी माणसं उरली.

वसंतात बाई एकदा डब्लिनला जाऊन आल्या. दातांच्या डॉक्टरकडे, म्हणाल्या. पुढच्या वर्गानंतर आम्हाला दोघांना चहाला नेलं. ब्राउन ब्रेड कापला, लोणी काढलं, सगळं नेहमीसारखं. मग उभ्या उभ्याच, सिंककडे तोंड करून सांगितलं.

"मी त्याच्याशी बोलले. मिटलं सगळं. नवे प्रमुख शरद ऋतूत आयर्लंडला येतायत. मला त्यांच्या शेजारी बसवणार आहेत. आयर्लंडमध्ये ही विद्या मी आणली हे तिथे जाहीर सांगणार आहेत."

बसवाला म्हणाला, "चांगलं झालं." पण त्याचा चेहरा तसा नव्हता.

मी विचारलं, "बदल्यात काय?"

"तुम्ही दोघांनी त्याला चार ओळी लिहायच्या. सॉरी म्हणायचं, बस. श्रेणी परत मिळेल. सगळं ठीक होईल, ग्रँड."

"आणि फोन?"

बाईंनी नळ सोडला.

"तुमच्या गुरूंना फोन?"

"ते समजून घेतील," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी भांडले होते ते त्या फोनसाठी. ऐंशीच्या पुढच्या एका माणसाला वर्षातून एकदा एका जुन्या विद्यार्थिनीचा आवाज ऐकू यावा, एवढ्यासाठी मी भर हॉलमध्ये तोंड उघडलं होतं. आणि तो फोनच हिने खुर्चीच्या बदल्यात देऊन टाकला.

"तुम्ही आम्हाला विचारलं नाहीत," मी म्हटलं.

"मी त्याला शब्द दिलाय."

"माझ्या माफीचा शब्द तुम्ही दिलात?"

तेव्हा ती वळली. चेहरा लाल झाला होता. "तुला काय फरक पडतो?" ती म्हणाली. "तुला नवरा आहे, मुलगी आहे, नोकरी आहे. मी दुसरं काही केलंच नाही. ह्यातून मला काढलं तर मी विमानतळावर परफ्यूम विकणारी एक बाई उरते. तुला माहीत आहे का ते काय असतं? मी मेल्यावर पेपरात काय लिहितील?"

हे खरं होतं. मला ते तेव्हाही कळलं. मी थोडी थांबले असते, उठून तिच्याजवळ गेले असते, तर कदाचित वेगळं काही झालं असतं. पण ती पुढे बोलली.

"आणि मला वाटलं होतं तू तरी समजून घेशील. तुमच्यात गुरूने सांगितलं की करतात ना?"

तेच वाक्य. तिच्या तोंडून! मी कॅफेतलं सगळं तिला सांगितलं होतं, अक्षरन् अक्षर, आणि ती हसली होती. युअर मॅनने मला जे समजून विकत घ्यायचा प्रयत्न केला, तेच समजून हिने मला इतकी वर्षं जवळ ठेवलं होतं का? मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले ते हिला माझं धाडस वाटलं नव्हतं. सवय वाटली होती.

मी म्हटलं, "आमच्यात गुरू शिष्याच्या वतीने नाक घासायचं कबूल करून येत नाहीत. निदान माझ्या घरात नाही. मी माफी मागणार नाही. त्याची नाही आणि आता तुझीही नाही."

इंग्रजीत 'यू' म्हणजे 'यू'. तिला काय फरक कळणार. पण मला माहीत होतं मी काय म्हटलं ते. कप सिंकमध्ये ठेवला आणि निघाले. बसवाला मागे राहिला. मागाहून त्याने सांगितलं की ती खूप वेळ सिंकपाशीच उभी होती, आणि त्याने भांडी पुसून प्रेसमध्ये ठेवली, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. माफी त्यानेही लिहिली नाही.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं. ती आता माझ्याहून उंच झाली आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, शी इज जस्ट अ लोन्ली ओल्ड लेडी." मी तिच्यावर ओरडले. मग तिने दार लावून घेतलं. त्याचाही राग मी बाईच्याच खात्यावर मांडला.

शरदात नवे प्रमुख येऊन गेले. संस्थेच्या साइटवर फोटो आला. मधे तो मुलगा, म्हणजे पन्नाशीचा माणूस, घाबरल्यासारखा. एका बाजूला युअर मॅन, दुसऱ्या बाजूला ती. चांगली इस्त्री केलेले कपडे, केस विंचरलेले. हसत होती. खोटं हसू असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते खरं होतं. मी तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला. नवरा म्हणाला, "बंद कर." मी बंद केला आणि थोड्या वेळाने परत उघडला.

एकदा सुपरमार्केटमध्ये आम्ही समोरासमोर आलो. तिच्या हातात अंड्यांचा डबा होता. ती थांबली आणि कमरेतून किंचित वाकली, वर्गात वाकतो तशी. माझी पाठ आपोआप वाकायला निघाली होती. मी ती ताठ धरली. म्हटलं, "तब्येत बरी आहे ना?" ती म्हणाली, "ग्रँड, ग्रँड. तू?" मी म्हटलं, "ग्रँड." आणि ट्रॉली ढकलत भलत्याच रांगेत शिरले, कुत्र्या-मांजरांच्या खाण्याच्या. आमच्याकडे कुत्रा नाही, मांजर नाही. ती पैसे देऊन जाईपर्यंत मी तिथे डब्यांवरचे मजकूर वाचत उभी होते.

काठी मी सोडलेली नाही. बसवाला आणि मी शनिवारी सकाळी इथल्या देशी खेळांच्या जीएए क्लबची मागची खोली घेतो. जुन्या वर्गातली दोघंजणं परत आली. आमच्या वर कोणी नाही. कोण कोणाच्या उजवीकडे उभा राहणार ह्यावरून सुरुवातीला सगळ्यांचीच पंचाईत झाली. शेवटी मी म्हटलं, गोल उभं राहू या. बसवाला म्हणाला, गोलात नमस्कार कोणाला करायचा? मी म्हटलं, सगळ्यांनी सगळ्यांना. जरा हास्यास्पद दिसतं ते. एकदा तो चुकून मला 'सेन्सेई' म्हणाला, म्हणजे गुरुजी, आणि मी इतकी जोरात अंगावर गेले की बिचारा बस बंद पडल्यासारखा उभा राहिला. नंतर मी त्याला सॉरी म्हटलं. हे सॉरी म्हणायला मला काही जड गेलं नाही.

गेल्या महिन्यात एक नवी मुलगी आली, एनिसच्या हॉस्पिटलात नर्स आहे, केरळची. तासभर मन लावून केलं. हात चांगला आहे तिचा. जाताना बूट घालता घालता तिने विचारलं, "आपण कुठल्या संस्थेखाली येतो?"

"कुठल्याच नाही."

"मग परीक्षा? सर्टिफिकेट?"

"नाही."

"मग प्रमुख कोण?"

मी बसवाल्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मी म्हटलं, "ज्याला ज्या दिवशी जास्त येतं तो तलवार घेतो."

तिने मान डोलावली, थँक्यू म्हणाली, सगळ्यांकडे बघून छान हसली. पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही चौघं होतो. खोली सकाळी फार गार असते आणि हीटर तापायला वेळ लावतो. कोट अंगात ठेवूनच आम्ही सुरुवात केली.